तीन पट्ट्या वर

रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. लोक गिटारवाल्याच्या केसांवर फिदा; आम्ही मागे, इस्त्री करायला उभे असल्यासारखे. बारा वर्षं मुंबई-पुण्यात मी असाच उभा आहे. मालगुंडजवळच्या आमच्या वाडीत मात्र मी मोठा कलाकार. ते मला आवडतं, आणि तिथेच मी माती खाल्ली.

वाडीतल्या भजनीबुवांनी मला पेटी शिकवली. आमच्याकडे बुवा स्वतःच पेटी वाजवत गातात. पण दोन वर्षांपूर्वी गणपतीत मी कीबोर्ड घेऊन गेलो, तर त्यांनी आपली पेटी उघडलीच नाही. "आज माझा चेला वाजवील," असं सगळ्यांना सांगत सुटले.

आमच्या बँडच्या गायिकेसाठी मी कीबोर्ड बटणाने तीन पट्ट्या वर चढवून ठेवला होता. तो उतरवायला विसरलो. बोटं बुवांच्या नेहमीच्या पट्टीवर, काळी एकवर, सूर मात्र भलताच उंच. मला ऐकू यायला हवं होतं. पण मी समोर शूटिंग करणाऱ्या मोबाइलकडे बघून हसत होतो. बुवांनी बिचाऱ्यांनी मिळाला तो सूर धरला. अभंग कसाबसा निभावला. शेवटच्या चढ्या गजराला आवाज फाटला. पुन्हा उचलला, पुन्हा फाटला. भजन थांबलं. मी खाली बघितलं, तर कीबोर्डच्या पडद्यावर तीनचा आकडा. तो मी गुपचूप शून्यावर आणला.

"बुवा थकले आता," कुणीतरी म्हणालं.

"व्हय रे. आता नाय जमायचं," बुवा म्हणाले.

मी मूग गिळून बसलो. वाडीचा कलाकार ना मी! एवढी शिकाऊ चूक कबूल कशी करणार?

त्यानंतर बुवा गायले नाहीत. पेटी लांज्याच्या भाच्याला देऊन टाकली. घरातसुद्धा गुणगुणत नाहीत, हे त्यांच्या बायकोने, काकूंनीच माझ्या आईला सांगितलं. गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा मी नाक्यावरही त्यांना टाळलं, इतका मी भेकड.

यंदा शेवटी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. "बुवा, तुमचा आवाज गेला नव्हता. चूक माझी होती," म्हटलं, आणि बटणासकट सगळं सांगितलं.

 बुवा हसले.

"तुझा हात चुकायचा नाय. मी शिकवलाय तुला." आणि आत वळून काकूंना म्हणाले, "ऐकलंस काय गो? मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोय. चहा टाक त्याला."