कॅमेऱ्यातली अक्षत

आमच्या घरात नऊ वर्षं एकच खटला चालला होता आणि त्यात आई आरोपी होती. बाबांचा किल्लीचा मूव्ही कॅमेरा तिनं पाडला, असा आरोप. फिर्यादी बाबा, न्यायाधीशही बाबाच. मग निकाल काय लागणार, सांगा!

कॅमेरा म्हणजे मुठीत धरायची काळी, जड परदेशी पेटी. ना सेल, ना वायर. बाजूची किल्ली गजराच्या घड्याळासारखी पिळायची, आतली स्प्रिंग आवळली जायची आणि बटण दाबलं की खर्रर्र करत फिल्म सरकायची. चित्र हलायचं, आवाज मात्र नसायचा. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि या पेटीला कुणाला बोटही लावू द्यायचे नाहीत. बारशांपासून खडकवासल्याच्या सहलींपर्यंत आमचं सगळं त्यांनी टिपून ठेवलं होतं. ते स्वतः त्यात कुठेच नव्हते.

मग एका पाडव्याला त्यांनी किल्ली पिळायला घेतली, तर ती ढिम्म हलेना. बटणही दाबून पाहिलं, काही नाही. आदल्या आठवड्यात आईनं दिवाळीसाठी कपाट आवरलं होतं. झालं!

"तूच पाडलास."

"अहो, मी नुसता पुसला."

"पुसताना पाडलास."

त्यानंतर घरात काहीही मोडलं, मिक्सर असो की छत्रीची काडी, बाबांचं ठरलेलं, "कॅमेऱ्यासारखंच झालेलं दिसतंय." आई हसण्यावारी न्यायची. पण एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी हे ऐकवलं, तेव्हा ती आत येऊन ओट्यापाशी नुसतीच उभी राहिली. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. मला बाबांचा असा राग आला!

दुरुस्तीला का नाही दिला, असं विचारलं की म्हणायचे, "हे काम येणारा माणूस पुण्यात एकच आहे आणि तो मी." मग उघडा की स्वतः! तर म्हणे, "आत आवळलेली स्प्रिंग आहे. सुटली तर डोळा जाईल." म्हणजे पुरावा तपासायचाच नाही आणि शिक्षा मात्र चालू.

खटल्याच्या नवव्या वर्षी मी नुकतीच सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडतील म्हणून सगळे धास्तावलेले आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकत बसायची. एका रविवारी सकाळी चुलतभाऊ अमेरिकेहून आला. हातात इवलासा हँडीकॅम! आम्ही पोहे खाताना त्यानं शूट केलं आणि लगेच टीव्हीवर दाखवलंसुद्धा. बाबांनी तेवढा वेळ तोंडासमोर पेपर धरला होता. पेपरामागूनच म्हणाले, "आमच्याकडेही होता रे. हिनं पाडला."

भाऊ गेला आणि आईनं पदर खोचला. "अहो, आत्ताच्या आत्ता उघडा तो. माझ्यासमोर. आत काही तुटलेलं निघालं, तर जन्मभर ऐकून घेईन. नाही निघालं, तर चुकलं म्हणायचं. तोंडानं."

बाबा म्हणाले, "स्प्रिंग—"

"मी उघडते," मी म्हटलं.

"तुला येतं?"

"नाही. तुम्हाला तरी कुठे येतं?"

डोळ्याच्या भीतीनं बाबांनी माळ्यावरून हेल्मेट काढून मला घातलं. स्कूटर घेताना आणलेलं, पण पुण्यात हेल्मेट कोण घालतं! आमच्या घरात ते डोक्यावर चढण्याचा हा पहिलाच प्रसंग आणि तोही जेवणाच्या टेबलापाशी. आईनं स्क्रू ठेवायला इडलीपात्र आणलं. एकेका साच्यात एकेका पायरीचे स्क्रू, म्हणजे बसवताना घोळ नको. मला हेल्मेटमध्ये हसू फुटायला लागलं. वाफेनं काच धुरकटली, ती वर केली, तर बाबा ओरडले, "डोळा, डोळा!" मग आईही हसायला लागली. बाबा सोडून सगळं घर खिदळत होतं.

बाजूचं झाकण निघालं. आत पितळी चाकं, एकात एक दात अडकवलेली, चकचकीत. मी टॉर्च मारला. कुठे तडा नाही, काही वाकलेलं नाही. फक्त दोन चाकांच्या मध्ये एक लाल ठिपका.

"गंज," बाबा म्हणाले.

मी भुवयांचा चिमटा घेतला. आई दोन्ही हातांनी कॅमेरा धरून होती आणि घाबरून तिनं बटणही घट्ट दाबलं होतं. मी ठिपका पकडला, ओढला आणि नऊ वर्षं कोंडलेली स्प्रिंग एकदम सुटली. खर्रर्रर्र! आई किंचाळली, पण तिनं कॅमेरा सोडला नाही. बाबा टेबलाखाली गेले. डोळे सगळ्यांचे शाबूत होते.

माझ्या चिमट्यात तांदळाचा दाणा होता. कुंकू लावलेला. अक्षत!

आता आमच्याकडे खंडेनवमीची पूजा बाबांची, फक्त बाबांची. पाने, पक्कड, शिवणयंत्र, स्कूटर, कॅमेरा, सगळं पाटावर मांडायचं आणि मुठीमुठीनं अक्षता उधळायच्या. आईला हात लावायची सोय नाही. "तू कंजूषपणा करतेस," म्हणायचे. आदल्या वर्षी माझ्या नव्याकोऱ्या कीबोर्डमधून मी टाचणीनं चार दाणे काढले होते. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही! कॅमेऱ्याच्या किल्लीच्या बुडाशी एक फट होती. दाणा तिथून आत गेला असणार, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आईनं कपाट आवरलं त्याच्याही आधी.

बाबांनी दाणा तळहातावर घेऊन उलटापालटा केला. "कारखान्यातूनच आला असेल."

"हो ना," आई म्हणाली. "परदेशात कुंकू लावूनच पाठवतात."

मी टेबलावर डोकं आपटून हसले. हेल्मेट होतंच.

आई मात्र थांबली नाही. "म्हणा आता."

बाबा उठले. मग त्यांनी फ्रिजच्या दारातून, लोण्याशेजारून, जपून ठेवलेलं शेवटचं रीळ काढलं. मुदत केव्हाच टळलेली. "म्हणतो. पण कॅमेऱ्यासमोर. आणि शूट तू करायचंस." कॅमेऱ्यात आवाज येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कसला बेरकी माणूस! मी झाकण आणि स्क्रू परत बसवले, तशी मला म्हणाले, "तू आत जा." मी गेले. दार लागलं. किल्ली पिळल्याचा आवाज आला, मग खर्रर्र आणि मग आईचं हसू, थांबता थांबेना असं. काय झालं ते विचारलं, तर दोघंही सांगेनात.

कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरनं ते रीळ धुऊन दिलं. आम्ही जुन्या प्रोजेक्टरनं ते भिंतीवर लावलं. चित्र तिरकं, कडेनं पांढुरकं, बाबांचं टक्कल वरून कापलेलं. त्यांचे ओठ हलतात. आयुष्यभर पोरांना कान धरायला लावणारे आमचे मास्तर मग दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरतात आणि एक उठाबशी काढतात. गुडघा दुखतो म्हणून दुसरी अर्धीच.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते हलताना दिसतात अशी तेवढीच एक फिल्म आमच्याकडे आहे. दर पाडव्याला आई ती लावायला सांगते आणि दर वेळी म्हणते, "डोकं कापलं गं मी." मी मात्र फ्रेमच्या कडेकडे बघत असते. बाबा कान धरतात तिथून चित्र गदागदा हलायला लागतं आणि शेवटपर्यंत हलत राहतं, कारण कॅमेरा धरून आई हसत असते.