आधी पाठ पुसायची

नाणियम्माच्या हातचं तेल-न्हाण न घेतलेली बाळंतीण त्या नदीकाठच्या गावात शोधूनही सापडली नसती. वय चौऱ्याहत्तर, पण स्वतः ती कधी औषधासाठी वैद्याच्या ओसरीवर बसली नाही. पहाटे उठायचं, टाळूला, कानांत आणि तळपायांना तेल घालायचं, शिंक दाबायची नाही, दुपारी आडवं व्हायचं नाही आणि जेवताना पोटाचा चौथा कोपरा रिकामा ठेवायचा. हे सगळं ती इतकं काटेकोर पाळायची की शेजारणींना तिचा रागच यायचा.

तिला 'चेची', म्हणजे ताई, म्हणणारी धाकटी बहीण पारुक्कुट्टी म्हणजे दुसरं टोक. रात्री दही खायची, दुपारी घोरायची. दोघींचे नवरे केव्हाच गेलेले, मूलबाळ नाही. एकमेकींशिवाय त्यांना कुणी नव्हतं.

नाणियम्माची एकच गोष्ट गावाला खटकायची. त्या भागात न्हाल्यावर आधी पाठ पुसतात. पंचा आधी जिथं टेकतो तिथं अवदसा बसते, म्हणून तिला मागच्या मागे बसवायचं आणि तोंडाकडची जागा लक्ष्मीला ठेवायची. नाणियम्मा मात्र आधी छाती पुसायची. बायका कुरकुरायच्या, ती ऐकून सोडून द्यायची.

कारण एकट्या पारुक्कुट्टीला ठाऊक होतं. गावच्या थोरल्या वैद्यांनी नाणियम्माला तरुणपणी एक खूण सांगितली होती. न्हाल्यावर सगळं अंग निथळत असताना छाती तेवढी आधी सुकली, तर ते माणूस पंधरवडा काढत नाही. दिसलं तरी बोलायचं नाही, असंही ते म्हणाले होते. तिला ते चारदा दिसलं. चौथी बाळंतीण एकोणीस वर्षांची होती. काहीतरी सांगत हसत होती, आणि नाणियम्मा तांब्यामागून तांब्या ओतत होती तरी तिच्या गळ्याखाली पाणी म्हणून टिकत नव्हतं. बाराव्या दिवशी ती गेली. तेव्हा नाणियम्मानं कानाला खडा लावला. आधी छाती पुसून टाकायची, म्हणजे काही दिसायलाच नको.

ऐन पावसाळ्यातल्या, पथ्यपाण्याच्या कर्कटक महिन्यात दोघी बहिणी तळ्याच्या घाटावर एकमेकींना न्हाऊ घालत. त्या वर्षी पाच दिवसांनी पाऊस थांबला होता. सकाळ वर आली तरी धुकं पाण्यावरून हलत नव्हतं आणि बेडूकही गप्प होते.

"चेची, मी रात्री दही खाल्लंय. आधीच सांगते, नाक मुरडू नकोस."

"तुझं पोट आणि तुझं मरण," नाणियम्मा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. शेवटचा तांब्या ओतून तिनं घाईघाईनं बहिणीची छाती पुसली.

"डोळे कशाला मिटतेस गं? एवढी का वाईट दिसते मी?"

मग न्हाऊ घालायची पाळी पारुक्कुट्टीची आली. मुगाच्या पिठानं तेल काढता काढता तिची बडबड चालूच होती. शेजारच्या शेळीनं म्हणे कुणाचं तरी लुगडं खाल्लं होतं. तिनं तांब्याभर पाणी ओतलं, आणखी एक ओतला, आणि मध्येच गप्प झाली.

"मग? शेळीचं काय झालं?"

"काय व्हायचंय."

पारुक्कुट्टीनं पंचा उचलला. जन्मभर तिनं चेचीची पाठच आधी पुसली होती, तीही चेचीला शिकवण देत. आज पंचा थेट छातीवर आला आणि तिथंच फिरत राहिला.

"पारू, तू तर आधी पाठ पुसतेस."

"आज तुझ्यासारखं."

नाणियम्मानं पंच्याचं टोक मुठीत धरलं. तिच्या केसांतून, कोपरांतून पाणी गळत होतं, पायरी भिजली होती. पंचा कोरडा होता.

तिनं टोक सोडून दिलं. विचारलं असतं तर पारूला खोटं बोलावं लागलं असतं, आणि पारूला ते कधी जमलं नव्हतं.

"पाठ राहिली," ती म्हणाली.

"पुसते."

दुसऱ्या दिवशी दुपारी पारुक्कुट्टी तळलेल्या तारल्या आणि दही घेऊन आली. त्या महिन्यात नाणियम्माच्या घरात माशाचा वासही चालत नसे.

"कर्कटकात मासे? आणि वर दही?"

"खा म्हणते ना, चेची."

पारूचे डोळे सुजले होते. नाणियम्माला स्वतःपेक्षा तिचीच जास्त कणव आली. ती पानावर बसली आणि काटे चोखत सावकाश जेवली. पोटाचा चौथा कोपराही भरला.

"छान झाल्यात," ती म्हणाली. "आणखी दोन वाढ."

पारुक्कुट्टीनं वाढल्या. तिच्या स्वतःच्या पानातल्या तारल्या मात्र तशाच राहिल्या.