लाल माळा आणि कुंड्यांची मांडणी

मी मुळातच भित्री. पालीला भिते, विहिरीला भिते, आणि विजेला तर एवढी भिते की बटण दाबतानासुद्धा पायात चप्पल लागते. सासरी सगळे त्यावरून माझी टर उडवायचे.

आखाडा बाळापूरच्या आमच्या अंगणात वानरं फुलझाड टिकू देत नसत. कळी धरली की खुडलीच. सासूबाईंना मात्र रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे घरचंच फूल लागायचं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांना अंधुक दिसायचं, त्यामुळे कळी आली का नाही हे त्या बोटांनी चाचपून बघायच्या. शेवटी गुलाबाच्या आणि सदाफुलीच्या कुंड्या मधल्या खोलीत आल्या, लोखंडी मांडणीवर. खोलीला खिडकी एकच. झाडं नुसती उंच वाढली आणि फुलायचं नाव घेईनात.

आमचे हे ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. लाल उजेडानं फुलझाडाला जोर येतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. त्या सुमारास सणासुदीला दुकानांवर सोडायच्या एलईडीच्या माळा बाजारात मिळायला लागल्या होत्या. त्यातल्या फक्त लाल निवडून ह्यांनी पिशवीभर आणल्या आणि मांडणीच्या प्रत्येक फळीखाली गुंडाळल्या. संध्याकाळी खिडकी अशी पेटायची की रस्त्यानं जाणारे विचारत, "काय सर, घरात ट्रक लावून राहिले का?" पण काही आठवड्यांत गुलाबाला कळ्या लागल्या, हे मला कबूल करावंच लागेल. आत्याबाई हरखून गेल्या.

घोळ झाला तो वीज देण्यात. आमच्या गल्लीत खांबावरून येणाऱ्या दोन तारांपैकी परतीच्या तारेचा काही भरवसा नव्हता. म्हणून घरोघरी अंगणात लोखंडी पहार पुरलेली असायची. परतीची तार तिला बांधायची, की वीज जमिनीत उतरायची आणि दिवा लागायचा. ह्याला सगळे आर्थिंग म्हणत. जमीन वाळली की दिवे मंद होत, मग पहारीच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायचं. संध्याकाळी शेजारीण शेजारणीला सहज विचारायची, "आर्थिंगला पानी घातलं का?"

आमच्या ह्यांना वाटलं, मांडणीचे पाय मातीच्या जमिनीत पुरलेलेच आहेत आणि कुंड्यांचं पाणी रोज तिथंच झिरपतंय, तर वेगळी पहार कशाला? त्यांनी परतीची तार सरळ मांडणीला बांधली. आधी फक्त माळांची, मग पंख्याची आणि बल्बचीही. पाण्याची बचत केल्याचा त्यांना केवढा अभिमान!

एकदा मांडणी पुसताना माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मी ओरडत बाहेर आले.

"काहून भिऊन राहिली? ओल हाय तवर काही होत न्हाई," हे म्हणाले.

"आणि वाळली तर?"

"माय रोज पानी घालतेच की."

आत्याबाई अनवाणी त्या मांडणीला धरून उभ्या राहायच्या आणि माझा जीव टांगणीला लागायचा. तरी एक आधार होता. त्या पाणी घालायच्या सकाळी, आणि भारनियमनामुळे सकाळी आमच्याकडे वीजच नसायची. त्या वेळापत्रकाच्या जिवावर मी श्वास घेत होते.

मग साखरा गावी नात्यातलं लग्न निघालं आणि आम्ही सगळेच घराला कुलूप लावून दोन मुक्काम करून आलो. ऐन उन्हाळा. परतल्यावर सकाळी हे कॉलेजात गेले. मी भाकरी थापत होते. मधल्या खोलीत आत्याबाईंचा तांब्या वाजला. जमीन कोरडी ठणठणीत असणार हे मनात आलं, पण आता वीज नाही, म्हणून मी पुन्हा पीठ हातात घेतलं. आणि समोरच्या भिंतीवर लाल उजेड पडला. भारनियमनाची वेळ बदलली होती. उजेड नेहमीसारखा भडक नव्हता, फिका, मेल्यासारखा होता. जमीन वीज घेत नव्हती, म्हणजे ती मांडणीत होती.

मी धावले. आत्याबाई मांडणीला धरून उभ्या होत्या. तांब्या खाली पडला होता, पायाशी पाणी झालं होतं. तोंड उघडं, पण त्यातून आवाज नाही. फक्त सबंध अंग थरथरत होतं. मेन स्विच पार बाहेरच्या ओसरीत. तिकडे जाऊन येईपर्यंत त्या राहतील का, हेच मला कळेना. त्यांना ओढावं म्हणून हात पुढे गेला आणि तसाच मागे आला. मला भीती वाटली, मरणाची भीती वाटली. न्हाणीच्या दाराशी धुणं बडवायची लाकडी मोगरी पडली होती. ती दोन्ही हातांनी उचलली आणि त्यांच्या मनगटावर हाणली. हात सुटला नाही. पुन्हा हाणली, जिवाच्या आकांतानं, तेव्हा त्या आडव्या झाल्या.

मी ओसरीत जाऊन वीज बंद केली. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मी उंबऱ्यातच उभी राहून "आत्याबाई, आत्याबाई" करत राहिले.

बऱ्याच वेळानं आतून बारीक आवाज आला, "काहून मारलं गं मला?"

मी तिथंच खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

संध्याकाळी ह्यांनी मांडणीची तार सोडली आणि सगळ्या माळा काढल्या. आत्याबाईंचं मनगट मोडलं होतं. विजेचं त्यांना काही आठवत नव्हतं, आठवत होती ती फक्त मोगरी. हे त्यांना समजावून समजावून थकले. बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या प्लास्टरमधला हात दाखवत सांगायच्या, "सुनंनं मारलं बरं मला, मोगरीनं." बायका माझ्याकडे डोळे वटारून बघायच्या. मी चहा ठेवायला उठायचे आणि चुलीपाशी कान देऊन ऐकत राहायचे, आतून त्यांचा आवाज येतोय ना.