घडीतली वाळू

आमचे खापरपणजोबा गावात सकाळी शाळा घेत आणि दुपारी सुपारी विकत. त्यांच्या हातचा एक कागद काल मी उलगडायला घेतला, तर पहिल्याच घडीला तो कडकन वाजला.

"अहो, पापडासारखा मोडाल! श्वास तरी हळू घ्या," बायको म्हणाली.

माझ्या जाड्या बोटांना घाम फुटला. घडीतून चिमूटभर वाळू सांडली. ओली शाई सुकावी म्हणून त्यांनीच भुरभुरवलेली. म्हणजे त्यांच्यानंतर हा कागद कुणी उघडलाच नव्हता! कुणीतरी वाचेल म्हणून माणूस शाई सुकेपर्यंत थांबतो, आणि आमच्यासारखे वारस लग्नाकार्यात नुसतं त्याचं नाव मिरवतात.

"पुढची घडी उघडू?"

"तुटेल हो."

"आणि नाही उघडली तर?"

मग तिने दोन्ही तळवे कागदाखाली धरले.