पाठ फिरवून बसणारे जयसिंगभाऊ

चिखलीच्या जनावरांच्या दवाखान्यात जयसिंग ओव्हाळ ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे मदतनीस होते. बैल खोड्यात घालायचा, समोरून वेसण धरायची आणि औषध पाजायचं, यात त्यांची वीस वर्षं गेली. पुढे १९७४च्या सुमारास कारखान्यांच्या कॉलनीतून कुत्री येऊ लागली. त्यांनाही जयसिंगभाऊ बैलासारखंच समोरून धरायला गेले. कॉलनीतल्या मंजुळाबाईंच्या राजा नावाच्या कुत्र्याने चावून त्यांचा अंगठाच फोडला.

राजाच्या कानातल्या जखमेत किडे पडले होते. "आज जखम धुतली नाही, तर कान कापावा लागेल," डॉक्टर म्हणाले. मंजुळाबाई रडकुंडीला आल्या.

जयसिंगभाऊ अंगठ्याला पट्टी बांधून राजाकडे बघत राहिले. कोणी समोरून आलं, डोळ्याला डोळा दिला, की तो गुरगुरत होता. पाठमोऱ्या माणसाला मात्र नुसता हुंगत होता. भाऊंनी फिनेलच्या वासाचा कोट काढला आणि भाकरीचा तुकडा मागे ठेवून ते भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसले.

"रुसलात की काय जयसिंगराव?" डॉक्टर हसले.

"गप ऱ्हावा सायेब. त्याला आधी माझी वळख काढू द्या."

पंधरा मिनिटं गेली. राजाने पाठ हुंगली, भाकरी खाल्ली आणि तो भाऊंना खेटून बसला. त्याच्या हनुवटीखाली खाजवत भाऊंनी हळूहळू सगळा कान धुतला. राजा एकदाच कुरकुरला.

मंजुळाबाईंनी डोळे पुसले. "आमच्या मालकांस्नी बी असंच औषध पाजायला या की! लई वरडत्यात."

"ते चावत न्हाईत ना?" भाऊंनी आधी विचारून घेतलं.