हातावरची कोळंबी

माझे मिस्टर घुग्घुसच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचे. एका सकाळी ड्यूटीवर निघताना बुटाची लेस बांधता बांधता त्यांना लकवा मारला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय चालत होते, बोलणं जड झालं होतं. उजवा हात हलायचा, पण त्याला स्पर्श कळत नव्हता. गरम कप धरून बोटांना फोड आला, तो मी दाखवला तेव्हा कुठे त्यांना दिसला. डंपर सुटलाच. मग पुढच्या खोलीत खुर्ची, आणि डाव्या हातात मोबाइल.

एके दिवशी मी शाळेतून शिकवून आले तर म्हणाले, "हे पाय."

समुद्राखाली कुणीतरी हात पुढे केला होता. लाल पाठीची, पांढऱ्या पट्ट्याची एक कोळंबी त्यावर चढून नखांच्या कडा टोचत होती. ती माशांच्या अंगावरची घाण, किडे खाते, माणसाचा हात दिसला तर तोही साफ करते, असं त्यांनी मला समजावलं. मग विचारलं, "आपल्या घरी होईन का असं?"

आजारपणानंतर त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट. मी नागपूरच्या माझ्या भावाला फोन केला.

भावाने काचेची टाकी आणली, दगड आणले, समुद्री मिठाची पाकिटं आणली. फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवायचं, खारेपणा मोजायचा, पुन्हा मोजायचा, हे सगळं ते डाव्या हाताने शिकले. पाणी मुरून जिवांना मानवेपर्यंत कित्येक आठवडे टाकीत नुसते दगड होते. रोज सकाळी झाकणावर कोळशाची काळी भुकटी बसलेली असायची. ती पुसायचं काम त्यांनी मला कधी करू दिलं नाही.

भाऊ दोन कोळंब्या आणि एक नारिंगी मासा घेऊन आला तेव्हा सासूबाई टाकीला नाक लावून बघत राहिल्या.

"हे तं झिंगेच होय. आमी बोडीच्या पाण्यातून आणून भाजी करतो. पाळते काय कोणी?"

"माय, हे समुद्राचे हाये," हे म्हणाले.

पहिल्यांदा त्यांनी डावा हात घातला. कोळंबी लांब पांढऱ्या मिशा हलवत दगडामागून आली, थबकली, आणि बोटावर चढली. हे हसायला लागले. "गुदगुल्या होते वो!" तोंडाची एक बाजू अजून नीट उचलली जात नव्हती, पण हसू खरं होतं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवसापासून उजवा हात. मनगट मी धरायची, ते डोळे मिटून घ्यायचे.

"आली काय?"

"आली. अंगठ्यावर आहे."

"मले काई समजून नाई राह्यलं."

"आता करंगळीकडे चालली."

"नाई."

रोज संध्याकाळी शाळेतून आले की हेच. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्यांनी कधी मनापासून केले नव्हते. हे मात्र एकदाही चुकवलं नाही. मला वाटायचं, बरा मार्ग सापडला. त्यांना वाटायचं, एक ना एक दिवस कळेल.

आणि एकदा ते डोळे मिटूनच ओरडले, "समजलं! आता समजलं मले! मधल्या बोटावर हाये ना?"

मी काही बोलण्याआधीच त्यांनी डोळे उघडले. दोन्ही कोळंब्या पलीकडच्या कोपऱ्यात माशाला बिलगलेल्या होत्या. हातापाशी नुसतं पाणी.

त्यांनी हात बाहेर काढला, टॉवेलने बोटन्‌बोट पुसलं. "चाय ठेव," एवढंच म्हणाले. त्यानंतर टाकीत हात घातला नाही. पाणी मोजणं, दाणे टाकणं मात्र सुरू होतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे भिंतींना हात लावला तरी भाजतं. टाकी थंड ठेवायला आम्ही कूलर तिच्याकडे वळवला होता. एका दुपारी गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. पंखा, कूलर, टाकीतला हवेचा पंप, सगळं बंद. वीजमंडळाची माणसं आली, बघून गेली, नवा ट्रान्सफॉर्मर चंद्रपूरहून येईल म्हणाली.

सासूबाई वर्षभर कोळंब्यांना झिंगेच म्हणत होत्या. त्याच भर उन्हात डोक्यावर ओला दुपट्टा टाकून पलीकडच्या गल्लीत गेल्या, ज्यांच्याकडे लाइट होती त्यांच्या फ्रिजमधून बर्फ मागून आणला. आम्ही तो बाटल्यांत भरून पाण्यात सोडला. हे डाव्या हातातल्या मगाने पाणी वर उचलून टाकीत ओतत राहिले, हवा मिळावी म्हणून. बर्फ बघता बघता विरघळत होता.

एक कोळंबी दुपारीच आडवी झाली. दुसरी दगडाला धरून होती. उन्हं कलताना तिनेही पाय सोडले. त्यांचा लाल रंग पांढुरका, शिजल्यासारखा झाला होता. मासा तेवढा वाचला.

भावाने फोनवर सांगितलं, पुढच्या खेपेला दुसऱ्या आणतो. मी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"नको," हे म्हणाले. "उन्हाळा दरसाल येते."

"भाऊजी, यावेळी इन्व्हर्टर बसवू ना."

"कशासाठी?"

भाऊ म्हणाला, मग मासा मी परत घेऊन जातो.

मासा नागपूरला परत गेला. टाकीतलं पाणी मी आणि सासूबाईंनी बादल्यांनी उपसून मागच्या परसात फेकलं. खाऱ्या पाण्याने तिथल्या कढीपत्त्याची पानं पिवळी पडली आणि पावसाळा लागायच्या आत ते झाड वाळून गेलं. आता घरात पोहे केले की मी पाल्याशिवायच फोडणी देते. हे पुढच्या खोलीत बसून खातात, डाव्या हाताने.