पट्टा घट्ट की सैल

अमरावतीचा शालिकराम जिनगर फाटक्या तोंडाचा माणूस. खोगीर असो की बैलाची मान जुवाला बांधायचं जोतं, गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं सोडून गिऱ्हाइकाला झेपेल ते द्यायची त्याला खोड होती. त्याला कारणही तसंच होतं. एका शंकरपटात, बैलांच्या त्या शर्यतीत, मालकाच्या हट्टापायी त्याने कोवळ्या गोऱ्ह्याचं जोतं आवळून दिलं. गोऱ्हा पडला, जोतं सुटलं नाही, जोडीच्या बैलाने त्याला फरफटत नेलं. पाय मोडला. तेव्हापासून नवशिक्याला काही घट्ट द्यायचं म्हटलं की शालिकराम आधी दहा प्रश्न विचारी.

१९३६ च्या मार्गशीर्षात कमलाकांत वकील सपत्नीक दुकानात आले. टांगेवाल्याने मागून चार लांब फळ्या आणून ठेवल्या.

"याला स्की म्हणतात," वकील म्हणाले. "पायाला बांधून बर्फावरून घसरायचं. नाताळात आम्ही गुलमर्गला निघालोय. नागपूरच्या एका साहेबाकडून जुन्या घेतल्या, पण पट्टे उंदरांनी खाल्ले. माझे चांगले घट्ट कर, हिचे सैल."

एरवी उलटतपासणी वकील घेत. आज शालिकरामाने घेतली.

"सपाटीवर चालाचं हाये का उतारावरून घसराचं?"

"उतारावरून!"

"मंग टाच बांधा लागते. नुसतं चालाचं असतं तं चवडा धरला असता, टाच मोकयी ठेवली असती. याच्याआंधी कितीकदा घसरले?"

"एकदाही नाही. पण मी घोड्यावर बसतो."

"घोडा हुशार असते, साहेब. नव्या मान्साले सैलच पायजे, पडला का पाय सुटला पायजे. घट्ट पट्टा जानत्याले."

वकिलांचा चेहरा तांबडालाल झाला. शेवटी शालिकरामाने तोड काढली. शेजारच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात सरकीचा घराएवढा उंच ढीग होता. दुकानातले जुने पट्टे तात्पुरते आवळून त्याने वकिलांना वर चढवलं. वकील निघाले, दोन हात गेले आणि डोक्यावर आपटले. एक पाय एकीकडे, दुसरा दुसरीकडे, मिशीत सरकी. शालिकराम पांढराफटक पडून धावला, आधी पट्टा सोडवला, मग वकील.

मग वकिलांच्या पत्नी सरोजिनीबाईंनी पदर खोचला आणि फळ्या बांधून त्या वर चढल्या. मुलींच्या शाळेत त्या लेझीम शिकवत. त्या सरळ खाली आल्या, आल्या त्या उभ्याच.

"बाईसाहेबाले घट्ट, तुमाले सैल," शालिकराम म्हणाला.

"चारचौघांत माझी अब्रू काढतोस? मी नागपुरातून करून घेईन!"

"घ्या. म्या नाई देत."

वकील तणतणत टांग्याकडे गेले. सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या, "यांचे सैलच करा, पण घट्ट दिसू द्या." त्या टांग्यात बसल्या, तोच छत्री विसरल्याचं निमित्त करून वकील परत आले. इकडेतिकडे बघत कुजबुजले, "सैल कर बाबा. पण हिला सांगू नकोस."

शालिकरामाला हसू आवरेना. त्याने वकिलांच्या पट्ट्यांना तीन-तीन पितळी बकलं लावली, दिसायला किल्ल्याच्या दरवाजासारखी भक्कम. आतून मात्र पाय पिरगळला की सगळं मोकळं. सरोजिनीबाईंच्या पट्ट्यांना एकच बक्कल, पण टाच पक्की. जोड्या रवाना झाल्या आणि त्याची झोप उडाली. बर्फ त्याने जन्मात पाहिला नव्हता. तो सरकीसारखा वागेल कशावरून? आपल्या हातून आणखी एक पाय जायला नको, एवढंच त्याच्या मनात घोळत राहिलं.

महिन्याभराने, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, वकील दारात उभे राहिले.

"शालिकराम, सतरा वेळा पडलो."

गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"माझ्याबरोबरच्या एका साहेबाचे पट्टे घट्ट होते. त्याचा पाय मोडला. माझे सैल होते," वकील शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हणून मी घरापासून इथवर चालत आलो."

शालिकराम खाली बसला. त्याने वकिलांचे दोन्ही घोटे हाताने चाचपून पाहिले आणि त्याला रडूच कोसळलं.